हेडचे बोल्ट कंपनीचेच बसतील

माझा जन्म दिल्लीचा, आर. के. पुरमचा. पप्पा मूळचे नगरकडचे, मिशनच्या शाळेत शिकले, मग केंद्र सरकारच्या नोकरीत लागले आणि इकडे आले ते आलेच. आई नर्स होती. क्वार्टरमध्ये आमच्या वर बंगाली, खाली तमिळ, समोर गढवाली, आणि आम्ही मराठी ख्रिस्ती. म्हणजे काय सांगू तुम्हाला, मराठी लोकांना वाटायचं ही ख्रिस्ती आहेत आणि चर्चमधल्या लोकांना वाटायचं ही मराठी आहेत, त्यामुळे आपण कोण हे दुसऱ्याला विचारायची सवयच मला लागली नाही, आणि तेच बरं झालं. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी, आणि आता ऑफिसात इंग्रजी. माझ्या मराठीत मध्येच अच्छा आणि चलो येतं, ते तुम्ही काढून टाकू नका, मी तशीच बोलते.

पप्पांकडे आधी स्कूटर होती, मग सेकंडहँड गाडी आली. रविवारी उपासना करून आलो की जेवण, आणि जेवण झालं की पप्पा गाडीखाली. मी पाना द्यायला बसायची. संदीप, माझा धाकटा भाऊ, तो क्रिकेटला जायचा. त्याला कोणी म्हटलं नाही की ये आणि मला कोणी म्हटलं नाही की जा. दहाचा दे म्हटलं की दहाचा, बाराचा दे म्हटलं की बाराचा, हे मला पाढ्यांच्या आधी आलं. आई म्हणायची, हिचं नख काळं, हिला कोण करून घेईल. कोणी करून घेतलं नाही, म्हणजे मीच कोणाला करून घेतलं नाही, तो विषय वेगळा, सोडून द्या.

आता मी चोपन्न वर्षांची आहे. गुरुग्रामला एका कंपनीत इमारतीची सगळी व्यवस्था माझ्याकडे. लिफ्ट, जनरेटर, एसी, पाणी, आग लागली तर कोणी कुठून पळायचं, हे सगळं. कुठलं यंत्र कधी उघडायचं आणि काय बदलायचं याच्या याद्या करणं हेच माझं काम, आणि खरं सांगते, मला ते आवडतं. आई गेल्यावर पप्पा माझ्याकडे आले, नवव्या मजल्यावर. ब्याऐंशी पूर्ण आहेत. संदीप नोएडात, सॉफ्टवेअरमध्ये.

गाडीचं खूळ मला पन्नाशीत लागलं. म्हणजे होतंच, बाहेर आलं पन्नाशीत. आमच्याकडे गुरुग्रामच्या बाहेर, सोहन्याच्या बाजूला, एका मोकळ्या मैदानात एक क्लब मोटारींच्या शर्यती घेतो. शर्यत म्हणजे दहा गाड्या एकदम सोडत नाहीत, मातीत शंकू लावून वाट आखतात, एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. मी आणि संदीपने मिळून एक जुनी पेट्रोलची छोटी गाडी घेतली, अर्धी त्याची अर्धी माझी. रस्त्यावर ती चालवत नाही, टोइंगवाला मैदानावर नेतो आणि परत आणतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा टेबलावर बसलेल्या मुलाने न विचारता माझं नाव लेडीज क्लासमध्ये घातलं. लेडीज क्लासमध्ये आम्ही तिघी होतो, तिघींनाही ट्रॉफी मिळाली. मी ती ट्रॉफी परत नेऊन टेबलावर ठेवली, म्हटलं बेटा, मला हरायला आवडेल, पण नीट हरव. त्यानंतर मी ओपनमध्येच, बायका-पुरुष सगळ्यांच्या गटात, नाव देते. संदीप म्हणतो, ताई, तिकडे आपण निदान फोटोत तरी येत होतो.

मागच्या हिवाळ्यात रेडिएटरचा पाइप फुटला, पाणी गेलं, इंजिन तापलं आणि हेड गॅसकेट गेलं. इंजिन म्हणजे, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, खाली ब्लॉक आणि वर हेड, मध्ये गॅसकेट, आणि हे सगळं धरून ठेवायला दहा लांब बोल्ट. बाकी सगळं इंजिन म्हणजे आतून फुटायला बघणारी गोष्ट आहे, ते दहा बोल्ट म्हणतात, थांब.

गाडी विकीच्या गॅरेजमध्ये उघडली. विकी चाळिशीचा, हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. हेड घासून सपाट करायला, फेसिंगला, पाठवलं आणि प्रश्न आला, बोल्ट कुठले. गाडीच्या कंपनीचे घ्यायचे की बाहेरचे, ते परदेशी, जाड स्टड येतात, वरून नट लावायचे, ते घ्यायचे. क्लबच्या ग्रुपवर मी साधं विचारलं आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, स्टड. कोणी अंगठे पाठवले, कोणी आपल्या इंजिनाचा फोटो पाठवला, नवऱ्यामुलाचा पाठवावा तसा. विकी म्हणाला, मॅडम, बिल्ड कर रहे हो और कंपनी का बोल्ट, लोग क्या कहेंगे. मी म्हटलं, विकी, बोनेट बंद असतं.

संदीपला स्टडच हवे होते. ताई, मजबूत ते मजबूत, त्यात विचार काय करायचा. मी त्याला म्हटलं, विचार असा करायचा. आपल्या गाडीला टर्बो नाही, आत दाब वाढवलेला नाही, इंजिन कंपनीने केलं तेवढंच आहे. कंपनीचा बोल्ट मुद्दाम थोडा ताणला जाईल असा बनवतात. आधी ठरलेल्या जोराने आवळायचा, मग ठरलेल्या अंशात फिरवायचा, तो ताणला जातो आणि ताणलेल्या अवस्थेतच धरून ठेवतो, आणि इंजिन तापलं, फुगलं की त्याच्याबरोबर थोडी ढील देतो. त्यापेक्षा तिप्पट कडक काही घातलं तर ब्लॉकच्या ॲल्युमिनियमचे आटे तो ओढून काढील, मग बोल्ट मजबूत आणि ब्लॉक भंगारात. आणि स्टड उभे राहतात ब्लॉकमध्ये, आपल्या बोनेटखाली एवढी जागाच नाही की हेड सरळ वर उचलता येईल, म्हणजे पुढच्या वेळी गॅसकेट बदलायचं तर अख्खं इंजिन खाली काढा. मी स्टडच्या विरोधात नाही. टर्बो लावला असता तर मीच म्हटलं असतं, आणा. पण जे गाडीला लागत नाही ते लोकांना दाखवायला मी घालणार नाही.

संदीप म्हणाला, ठीक आहे, तुझ्या मनासारखं. पण मग माझंही ऐक. हे इंजिन तुझ्या बोल्टांनी पुन्हा गेलं तर गाडी विकायची, आणि हा विषय बंद. मी म्हटलं, बिल्कुल. तेव्हा राग होता, मी हो म्हणून बसले. पण आठवडाभर डोक्यात तेच होतं. गाडी गेली तर मी काय, ऑफिसातल्या लिफ्ट मोजणार आणि रविवारी दुपारी झोपणार. चोपन्नाव्या वर्षी दुसरी गाडी कोण सुरू करतं. म्हणजे करतील, पण सगळ्यांनी मान हलवत म्हटलं असतं, बघा, सांगितलं होतं. ते मला नको होतं.

कंपनीच्या बोल्टांचा नवा डबा सोसायटीत कुरिअरने आला. जुने बोल्टही मी घरी आणले होते, किती ताणलेत ते बघायला. बघून झाल्यावर टाकणार होते तर पप्पा म्हणाले, टाकू नकोस, मला दे. पप्पांना हाताला काम लागतं. त्यांनी बाल्कनीत रॉकेल आणि ब्रश घेतला, दोन दुपारी बसून प्रत्येक बोल्ट घासला, पुसला, तेल लावलं. मला बरं वाटलं, म्हटलं चलो, वेळ जातोय.

शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये हेड बसवायला घेतलं. संदीप नोएडाहून आला होता. मी डबा उघडला, मोजले, दहा होते. आट्यांना तेल लावलं, मधून सुरुवात करून बाहेर जायचं त्या क्रमाने आवळले, माझ्या स्वतःच्या टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, ती मी कोणाला देत नाही, विकीलासुद्धा नाही. मग अंश. डायल लावून एकेक फिरवायचा. चौथा बोल्ट फिरवताना हाताला कळलं. हे सांगता येत नाही हो, कणीक मळताना पाणी जास्त झालं की हाताला कळतं तसं आहे. जोर वाढत जायला हवा, तो वाढेना, बोल्ट नुसता मऊपणाने फिरत गेला. मी थांबले. विकी म्हणाला, हो गया मॅडम, बैठ गया. मी म्हटलं, बैठा नहीं, लेट गया. पुढे जाऊन बघितलं, तर सातवा तसाच आणि नववाही तसाच.

विकी म्हणाला, डुप्लिकेट माल होगा, आजकल डिब्बा असली, अंदर का नकली. संदीप भिंतीला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, ताई, हे इंजिन चालूसुद्धा झालं नाही गं. मी म्हटलं, चालू झालं नाही म्हणजे गेलंही नाही. सगळे बोल्ट परत काढले, बाहेरून आत, उलट्या क्रमाने. व्हर्निअर लावून प्रत्येकाची लांबी मोजली. सात एकसारखे, तीन लांब. डोळ्यांना दिसणार नाही इतकेच, पण लांब. तीन मी रुमालात बांधले आणि घरी आले. दुकानदाराला फोन लावायचा आणि काय काय बोलायचं ते टॅक्सीत मनात लिहूनच झालं होतं.

जेवणाच्या टेबलावर रुमाल सोडला. पप्पा पेपर वाचत होते, त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, अगं, हे तर माझे. कसे बसले? मी म्हटलं, तुमचे म्हणजे? म्हणाले, मी घासलेले. दहातले हे तीन अगदी नव्यासारखे निघाले, म्हणून डब्यात घातले आणि नव्यातले तीन वेगळे काढून ठेवले, वेळेला असावेत.

 तुम्ही मराठी घरातले असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्याकडे नवा टॉवेल कपाटात असतो आणि जुना विरेपर्यंत अंग पुसतो. नवी चादर पाहुण्यांची, नवा कुकर पुढच्या वर्षीचा. आईच्या कपाटातून ती गेल्यावर घड्या न मोडलेल्या साड्या निघाल्या, त्यातली एक तिला शेवटी आम्ही नेसवली. पप्पांनी लपवाछपवी केली नव्हती. चांगलं जुनं असताना नवं वापरणं त्यांच्या लेखी उधळेपणा, तो त्यांनी माझ्यासाठी टाळला होता.

मी त्यांना समजावलं की पप्पा, हा बोल्ट पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा आहे, एकदा पूर्ण ताणला की धुतला, इस्त्री केला, काही केलं तरी परत आवळत नाही. ते ऐकत राहिले. मग उठले, कपाट उघडलं, रुमालांच्या घडीखालून तीन नवे बोल्ट काढून आणले आणि माझ्यासमोर ठेवले. म्हणाले, संदीपला माझं नाव सांग. मी म्हटलं, कोणाला काय सांगायचं ते मी बघते, तुम्ही दूध घ्या.

पण बघणार काय, तेच तर कळेना. खरं सांगावं तर ब्याऐंशीच्या माणसाला मुलापुढे मान खाली घालायला लावायची. न सांगावं तर कंपनीचा बोल्ट वाईट ठरतो, मी चुकीची ठरते आणि गाडी जाते. शेवटी मी ठरवलं, पप्पांचं नाव घेणार नाही आणि बोल्टाचंही खोटं ऐकून घेणार नाही. दोन्ही कसं जमणार होतं देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मराठी उपासना होती, महिन्यातून एकदाच असते, संदीप तिथेच आला आणि मग आमच्याकडे जेवायला. मटण होतं. त्याने पहिला घास घेतला आणि सुरू केलं, दुकानदाराने फसवलं ना तुला, तरी मी म्हणत होतो. मी म्हटलं, दुकानदाराने फसवलं नाही. ते तीन बोल्ट जुने होते. तो म्हणाला, मग नव्या डब्यात जुने आले कुठून? मी म्हटलं, आले. तो म्हणाला, आले म्हणजे, तू भरलेस? मी म्हटलं, भात घे. तो म्हणाला, ताई, तू ऑफिसात एवढ्या याद्या करतेस आणि घरी ही भेसळ.

तेव्हा पप्पांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हणाले, मी भरले. चांगले दिसत होते, मी भरले. तिला विचारलं नाही. आता तुला काय म्हणायचंय ते मला म्हण.

संदीपने हातातला घास ताटात ठेवला. मग एकदम म्हणाला, पप्पा, माझी बॅट आठवते? मामांनी नवी बॅट आणली होती, तुम्ही ती माळ्यावर ठेवलीत, जुनी आहे ना अजून म्हणालात, आणि मी कॉलेजला जाईपर्यंत चिकटपट्टीची बॅट घेऊन खेळलो. ती बॅट मला लहान झाली पप्पा, न खेळता लहान झाली. पप्पा म्हणाले, आहे ती अजून, हवी का? संदीप हसायला लागला, हसता हसता त्याचे डोळे भरले, त्याने मान वळवून हाड चोखायचं निमित्त केलं. पप्पांना काही कळलं नाही, किंवा सगळं कळलं. त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

मला वाटलं आता मिटलं. कसलं मिटतंय. हात धुताना संदीप म्हणाला, ताई, एक सांग, एकदा ताणलेले बोल्ट पुन्हा चालत नाहीत म्हणतेस, म्हणजे उरलेले सातही गेले. मी म्हटलं, गेले, आणि गॅसकेटही गेलं, दाबलेलं होतं. तो म्हणाला, मग सगळं नवीनच घ्यायचंय ना, तर आता तरी स्टड घेऊ. देवानेच संधी दिलीय.

बघा आता. मन मऊ झालेलं, पोट भरलेलं, भाऊ आत्ताच रडलेला, कोणीही हो म्हटलं असतं. मी म्हटलं, नाही. कालपर्यंत जे बरोबर होतं ते एका रात्रीत चूक झालं नाही. बोल्ट कमी पडला असता तर मी मान्य केलं असतं, पण बोल्ट कमी पडला नाही, जुना पडला. कंपनीचेच बसतील. तो म्हणाला, आणि पुन्हा गेलं तर विकायची, ते लक्षात आहे ना? मी म्हटलं, ते मी मोडते. रागात हो म्हटलं होतं, आता शांतपणे नाही म्हणते. इंजिन गेलं तर पुन्हा उघडीन. तुला पटत नसेल तर तू तुझा अर्धा भाग सोड, मी एकटी चालवीन, पण माझ्या हातातलं इंजिन काढून घेण्याची अट मला घालायची नाही, तू नाही आणि कोणीच नाही.

पप्पा सोफ्यावरून म्हणाले, ती असंच करणार, लहानपणीही दहाचा मागितला आणि बाराचा बरोबर असला तर बाराचाच द्यायची. संदीप म्हणाला, तुम्ही मध्ये बोलू नका, तुमचा खटला अजून चालू आहे. पण अर्धा भाग त्याने सोडला नाही. दार ओढून घेताना म्हणाला, शनिवारी किती वाजता येऊ.

नवा संच मी थेट गॅरेजच्या पत्त्यावर मागवला. पप्पांनी ते बरोबर ओळखलं. शनिवारी बोल्ट आवळताना डायल संदीपने धरला. दहाही बोल्टांना जोर चढत गेला, जसा चढायला हवा तसा. विकी म्हणाला, मॅडम, ग्रुप पे क्या बोलूं, कौन सा लगाया? मी म्हटलं, बोल की मॅडमला जे लावायचं होतं ते लावलं.

त्यानंतर आम्ही मैदानावर दोनदा गेलो. धूळ इतकी की तोंडात माती कचकच करते. तापमानाचा काटा मधल्या रेघेवर बसला तो हलला नाही, धावताना मी वाटेकडे कमी आणि काट्याकडेच जास्त बघत होते, म्हणून एक शंकूही पाडला. ओपनमध्ये माझा नंबर मधोमध आला. संदीप माझ्यापेक्षा थोडा जोरात गेला, ते मी सांगून टाकते, नाहीतर तो तुम्हाला फोन करून सांगेल. स्टडवाल्यांपैकी काही माझ्या पुढे होते, काही मागे. कोणी बोल्टामुळे पुढे नव्हतं आणि कोणी बोल्टामुळे मागे नव्हतं, गाडी कशी वळवली त्यावर सगळं होतं. पण ग्रुपवर अजून सांगतात, मॅडम, पुढच्या वेळी स्टड. मी वाचते आणि चहा ठेवते.

आता गिअरबॉक्स आवाज करतोय, तिसरा गिअर पडताना. उघडायला लागणार. कोणते पार्ट घालायचे त्यावर घरात पुन्हा भांडण होणार, ते मी धरूनच चालले आहे. पप्पा जेवणाआधीच्या प्रार्थनेत हल्ली गाडीचंही नाव घेतात, मी डोळे मिटून हसते. त्यांचं वय झालं, माझंही होतंय, गाडीचं तर कधीच झालं. प्रभू जेवढे रविवार देईल तेवढे रविवार मी मैदानावर जाणार, आणि ओपनमध्येच नाव देणार. तुमच्याकडे कोणी गाडी उघडून बसलं असेल तर माझा निरोप सांगा. लोकांचं सगळं ऐकून घ्या, चहा पाजा, आणि मग आपल्या गाडीला लागतं तेच घाला. तुमचंही भलं होवो.